गुरुवारचा पाचवा तास

"धर्म शिकवला तर अर्धे पालक अंगावर येणार, नाही शिकवला तर उरलेले अर्धे," शिवणाच्या बाई कपाटाआड पुटपुटत होत्या. "आणि मधल्यामध्ये मी कुठे जाऊ? त्यापेक्षा माझी काजं-बटणं बरी."

कपाटाच्या अलीकडे वेळापत्रकबाई स्टुलावर उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि तोंडात धरलेली टाचणी जपून काढून हसून घेतलं. त्या शिक्षकखोलीत कोणी मनातल्या मनात कुरकुरलं तरी शेजारच्याला ऐकू जायचं, इतकी ती लहान होती. एक लांब टेबल, अकरा खुर्च्या, बारा शिक्षक. एक जण कायम खुर्चीविना. बहुतेक वेळा वेळापत्रकबाईच, म्हणून त्यांची जागा कपाटाशेजारच्या या स्टुलावर होती.

शिकवायच्या त्या भूगोल. पण नद्या आणि वाळवंटं त्यांना कोणी विचारत नसे. तेवीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्या लावत होत्या, आणि मुलांपासून पालकांपर्यंत सगळे त्यांना वेळापत्रकबाईच म्हणत. भिंतीवर काचेच्या दारांचा एक मोठा फळा होता, त्याला आतून फ्लॅनेल लावलेलं. त्यावर टाचणीने रंगीत चिठ्ठ्या. प्रत्येकाचा रंग ठरलेला. गणिताचे सर लाल, शिवणाच्या बाई पिवळ्या, खेळाचे सर हिरवे, आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, जांभळ्या. मोठ्या बाईंचे आठवड्याला दोनच तास असत, त्यामुळे जांभळा कागद तेवीस वर्षांत एकदाच आणावा लागला होता.

"माझ्या फळ्यावर आजवर एक तास रिकामा गेलेला नाही," असं त्या कोणीही न विचारता सांगत. एका वर्षी दोन बाई एकदम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि विज्ञानाच्या सरांचा पाय मोडला, तेव्हासुद्धा नाही. सरांना खुर्चीसकट वर्गात नेऊन ठेवलं होतं. नाव ठरायचं असलेल्या तासाला त्या पांढरी चिठ्ठी लावत, पण पांढरी चिठ्ठी त्यांना दाढेत अडकलेल्या शेंगदाण्यासारखी छळायची. पहिल्या दिवशी दुपारच्या आत ती निघालीच पाहिजे.

यंदा मात्र एक पांढरी चिठ्ठी लागली आणि लागूनच राहिली. सहावी, गुरुवार, पाचवा तास.

त्याचं असं झालं. शाळेत चार-पाच धर्मांची मुलं एका बाकावर बसून एकमेकांची खोडरबरं पळवत आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. पण शाळेच्या समितीत कोणीतरी म्हणालं की हल्लीच्या मुलांवर संस्कार नाहीत. त्यावर एक जण म्हणाला, मग धर्म शिकवा, संस्कार मागोमाग येतील. दुसरा म्हणाला, मूल्यं शिकवा, धर्म घरी बघून घेऊ. तिसऱ्याने विचारलं, धर्म म्हणजे कोणाचा? यानंतर तासभर कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू आलं नाही. समितीचे अध्यक्ष औषधांचे दुकानदार होते. सगळ्यांचं थोडं थोडं मिसळून एक सौम्य डोस द्यावा, असं त्यांचं मत पडलं. मग नाव काय द्यायचं, 'धर्म व मूल्ये' की 'मूल्ये व धर्म', यावर आणखी दोन तास गेले. शेवटी ठरलं ते असं. यंदा प्रयोग म्हणून फक्त सहावीला आठवड्यातून एक तास ठेवावा. नाव नंतर ठरवावं, अभ्यासक्रम नंतर, शिक्षक नंतर. इतिवृत्तात लिहिलं, सर्वानुमते संमत.

नाव नसल्यामुळे सगळे त्याला 'तो तास' म्हणू लागले, तेही आवाज बारीक करून, जसं काही तो शेजारच्या खोलीत आजारी पडला होता.

कोणाची चिठ्ठी लावू, असं वेळापत्रकबाईंनी मोठ्या बाईंना विचारलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. समोरचा प्रश्न दिसू नये असं वाटलं की त्या चष्मा काढत. अध्यक्ष बाहेरून माणूस देणार आहेत, तोवर पांढरी राहू दे, असं त्या म्हणाल्या. आठवड्याने वेळापत्रकबाई खोकल्याच्या औषधाला अध्यक्षांच्या दुकानात गेल्या आणि सहज विषय काढला. अध्यक्ष बाटलीवरचं लेबल वाचता वाचता म्हणाले की छे, तो शाळेच्या आतला मामला, मोठ्या बाई कोणालातरी नेमणार आहेत.

तिसऱ्यांदा मात्र त्यांनी विचारलं नाही. या शाळेत एक अलिखित नियम होता. जो विचारेल, त्याच्या गळ्यात पडेल. खेळाच्या सरांनी अकरा वर्षांपूर्वी एकदाच सहज विचारलं होतं की बक्षीस समारंभाचं कोण बघतंय. तेव्हापासून ते बघत होते.

आणि यंदा वेळापत्रकबाईंना गळ्यात काही पाडून घ्यायचं नव्हतं. उपमुख्याध्यापक वर्षअखेरीस निवृत्त होणार होते. जिन्याच्या वळणावर त्यांची एक छोटी खोली होती. तिला खिडकी होती, स्वतंत्र पंखा होता, आणि मुख्य म्हणजे एक खुर्ची, जी कोणी दुसरा पळवू शकत नव्हता. तेवीस वर्षं स्टुलावर काढलेल्या बाईला ती खुर्ची स्वप्नात दिसायची. नाव त्यांचंच चर्चेत होतं. पण कधीही रिकामा न गेलेला तास रिकामा गेला, तर चर्चा तिथेच थांबणार होती.

घरी त्यांची भाची होती. बहीण परगावी दवाखान्यात नोकरीला, म्हणून पोर दोन वर्षांपासून मावशीकडे. अंगाने बारीक, वयाच्या मानाने उंच, म्हणून मावशी तिला सुतळी म्हणायची. आणि सुतळी होती सहावीत. दोघींचा करार पक्का होता. घरी मावशी, फाटकाच्या आत बाई. गेल्या दोन वर्षांत सुतळीची जीभ एकदाही घसरली नव्हती. उलट एकदा घरी आमटी वाढताना ती "बाई, पुरे" म्हणाली होती.

पहिल्या गुरुवारी पाचव्या तासाला वेळापत्रकबाई नकाशांच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांचा तो मोकळा तास. एकीकडे नकाशे गुंडाळत होत्या आणि एकीकडे कान सहावीकडे. ती सहावी म्हणजे साधी नव्हती. मागच्या वर्षी एका बदली शिक्षकाला त्यांनी असं पळवलं होतं की तो प्रयोगशाळेत आतून कडी लावून बसला. आता पाच मिनिटांत बाकं वाजणार, दहा मिनिटांत कोणीतरी खिडकीतून लोंबणार, असं त्या धरून चालल्या होत्या. पण काहीच झालं नाही. ना बाक, ना खिडकी. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा शेजारच्या वर्गातून शिवणाच्या बाई आल्या आणि म्हणाल्या की सहावीला आज सुट्टी होती की काय, इतकं शांत. दाराच्या काचेतून बघितलं तर सगळी जागच्या जागी.

वेळापत्रकबाईंचा जीव भांड्यात पडला. याचा अर्थ कोणीतरी आलं होतं. कोण, हा प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आला. पण वेळापत्रक लावणाऱ्या बाईने आपल्याच वेळापत्रकात कोण आहे हे दुसऱ्याला विचारायचं? त्यांनी तो प्रश्न गिळला आणि वर पाणी प्यायल्या.

पुढे गुरुवारमागून गुरुवार गेले आणि तो तास शाळेत गाजू लागला. गणिताच्या सरांनी टेबलावर वह्यांचा गठ्ठा ठेवून सांगितलं की गुरुवारी जमा होणारा सहावीचा गृहपाठ आता शंभर टक्के पूर्ण असतो. अडतीसच्या अडतीस वह्या. उत्तरं इतकी एकसारखी की चुकासुद्धा त्याच ओळीत. "याला म्हणतात एकोपा," सर म्हणाले. गणितात ते हुशार होते, बाकी व्यवहारात त्यांची सहज फसगत व्हायची.

शिवणाच्या बाईंनी तर एकदा वेळापत्रकबाईंना कोपऱ्यात गाठलं. गुरुवारी तुमचं काम काचेतून पाहिलं, मी कोणाला बोलत नाही, पण धन्य आहे तुमची, असं काहीसं त्या म्हणाल्या. वेळापत्रकबाईंनी फळ्याच्या काचेकडे पाहिलं आणि त्यांना भरून आलं. तेवीस वर्षांत त्यांच्या चिठ्ठ्यांना धन्य म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.

"अहो, सवयीचं झालंय," त्या म्हणाल्या. "रंग बघायचे आणि बसवत जायचं. मी आता फार विचारसुद्धा करत नाही."

शिवणाच्या बाई मान हलवत निघून गेल्या. इतका नाजूक विषय, आणि ही बाई विचारसुद्धा न करता शिकवते.

घरी सुतळीतही फरक दिसू लागला होता. दारातच बूट काढून हातात घ्यायची आणि मांजरासारखी चवड्यांवर चालत आत यायची. एकदा तिच्या हातून कपाटाचं दार धाडकन आपटलं. ती मागे फिरली, दारावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "चुकलं." मग डोळे मिटून दहा आकडे मोजले आणि कामाला लागली. वेळापत्रकबाई परातीत कणीक तशीच ठेवून बघत राहिल्या. कुठून शिकलीस गं, म्हणून विचारलं तर सुतळी डाव्या कानाची पाळी चोळत म्हणाली, "त्या तासाला." वेळापत्रकबाईंना इतकं बरं वाटलं की कानाच्या पाळीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. एरवी त्यांना चांगलं ठाऊक होतं की सुतळी खोटं बोलताना किंवा काही लपवताना तीच पाळी चोळते. मोठ्या डब्यातल्या खारका गायब झाल्या तेव्हाही तीच पाळी लाल झाली होती.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष गेलं, पण मन गेलं नाही. त्यांचा तपकिरी स्वेटर, जो एरवी शिक्षकखोलीत खुंटीला असायचा, त्याच्या बाह्या खडूने पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. शाळा म्हटलं की खडू आलाच, म्हणत त्या झटकून टाकत.

मग तक्रारी आल्या, लेखी अर्जांसकट.

पहिले आले गाडी शिकवणारे वडील. त्यांची शाळा रस्त्यावरची, त्यामुळे बोलणंही ब्रेक दाबत दाबत. त्यांचं म्हणणं, मुलगी जेवायला बसताना चमचा खाली पडला तर जमिनीची क्षमा मागते. हे आमच्यात नाही. तेव्हा दुसऱ्या कोणाच्यातरी धर्मातलं शाळेत शिकवताय, ते आधी थांबवा. दुसऱ्या दिवशी पार्लरवाल्या आई आल्या. त्यांचा मुलगा पार्लरच्या दारात बूट काढून आत येतो, गिऱ्हाइकांनाही काढायला लावतो आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडे बघतो. गिऱ्हाइकं घाबरतात. हे आमच्यात नाही, त्यांच्यात असतं, असं म्हणून त्यांनी गाडी शिकवणाऱ्यांच्या घराकडे हनुवटी केली. आठवडाअखेर एक निवृत्त पोस्टमास्तर आजोबा आले. त्यांची तक्रार नेमकी उलटी होती. नातवाला त्या तासात आमच्या धर्मातलं काहीच शिकवत नाहीत, बाकी सगळ्यांचं शिकवतात.

मोठ्या बाईंनी तिन्ही अर्ज उचलले आणि वेळापत्रकबाईंच्या हातात दिले. "हे तुम्हीच बघा. तुम्हालाच ठाऊक, काय आहे ते."

वेळापत्रकबाईंना यात फक्त आपल्यावरचा विश्वास दिसला. उपमुख्याध्यापिकेसारखंच वागवताहेत, असं वाटलं. पण उत्तर द्यायचं तर तो शिक्षक किंवा ती शिक्षिका कोण, हे एकदा डोळ्यांनी पाहून घेणं भाग होतं. विचारायचं नाही, फक्त पाहायचं. गुरुवारी पाचव्या तासाला त्यांनी नकाशे तसेच सोडले आणि व्हरांड्यातून भिंतीला लागून सहावीच्या दारापर्यंत गेल्या.

दाराबाहेर बुटांच्या एकोणीस-एकोणीसच्या दोन सरळ ओळी. दाराला दुधी काच. काचेतून सगळं ताकातून बघावं तसं दिसत होतं. बाकांवर ओळीने डोकी खाली वाकलेली. फळ्यापाशी तपकिरी स्वेटर घातलेल्या, केसांचा अंबाडा बांधलेल्या एक बाई उभ्या होत्या. बाई काही बोलत नव्हत्या. सावकाश हात वर करून फळ्यावर काहीतरी लिहीत, पुसत, आणि पुन्हा लिहीत होत्या. आवाज म्हणाल तर खडूचासुद्धा नाही.

वेळापत्रकबाई थक्क झाल्या. बाई बुटक्या होत्या, जेमतेम त्यांच्याएवढ्या. बुटकं माणूससुद्धा वर्ग असा मुठीत ठेवू शकतं, हे पाहून त्यांना उगाचच अभिमान वाटला. स्वेटरची आवडही चांगली. अगदी आपल्यासारखाच. दार उघडून ओळख करून घ्यावी असं एकदा वाटलं, पण त्या शांततेला धक्का लावायचा धीर झाला नाही. बोटांच्या टोकांवर चालत त्या परत आल्या. थंडी वाजत होती, म्हणून खुंटीकडे हात गेला. स्वेटर नव्हता. घरी राहिला असणार, म्हणून त्यांनी हात चोळले.

अर्जांवर त्यांनी उत्तर लिहिलं, 'तो तास अनुभवी हातांत आहे.'

अनुभवी हात कोणाचे, हे पालकांना कळलं नाही, पण शिक्षकखोलीत सगळ्यांना कळलं. आपल्याबद्दल असं लिहायला धाडस लागतं, असं खेळाचे सर म्हणाल्याचं पुढे समजलं.

एवढ्या उत्तराने पालक थांबणारे नव्हते. सभा बोलवावी लागली. शनिवारी दुपारी सभागृह भरलं. डावीकडे गाडी शिकवणाऱ्यांच्या बाजूचे बसले, उजवीकडे पार्लरवाल्या आईंच्या, आणि मधल्या रांगांमध्ये पोस्टमास्तर आजोबा आणि त्यांची चार-पाच माणसं, दोन्हीकडे सारखंच रागाने बघता यावं म्हणून. मंचावर अध्यक्ष, मोठ्या बाई, आणि एक रिकामी खुर्ची. मोठ्या बाईंनी वेळापत्रकबाईंना त्या खुर्चीकडे बोलावलं, तेव्हा त्यांनी पदर सारखा केला. खुर्ची. मंचावर. आज जाहीर करणार.

अध्यक्षांनी सुरुवात केली. गेले सात महिने ज्यांनी हा अवघड तास एकहाती सांभाळला, एका शब्दाने मिरवलं नाही, मोकळ्या तासाचा त्याग केला, त्या बाईंबद्दल गैरसमज पसरले आहेत. वेळापत्रकबाई मान हलवत होत्या. त्या बुटक्या बाई कुठे बसल्यात म्हणून सभागृहात नजर फिरवत होत्या. तपकिरी स्वेटर कुठेच दिसेना. अध्यक्ष म्हणाले, तेव्हा त्या स्वतःच आता सांगतील की त्या काय शिकवतात. आणि टाळ्या पडल्या.

सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे पडदा होता. पुन्हा पुढे पाहिलं. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या की उठा, लाजू नका. त्या उठल्या. डोक्यात सगळ्या चिठ्ठ्या एकदम गळून पडल्या होत्या.

"मी," त्या म्हणाल्या, "मी फक्त पांढरी चिठ्ठी लावली."

सभागृह विचारात पडलं. मग मधल्या रांगेतून पोस्टमास्तर आजोबा म्हणाले, "पांढरी. म्हणजे सगळे रंग एकत्र. वा." डावीकडून कोणीतरी म्हणालं की नाही, म्हणजे कोणताच रंग नाही. उजवीकडच्यांनी विचारलं की आमच्यात पांढरा कधी घालतात हे माहिती आहे का तुम्हाला? आवाज चढू लागले. वेळापत्रकबाई हात वर करून तसं नाही, तसं नाही म्हणत होत्या. पण कसं, ते त्यांनाही सांगता येईना. प्रत्येक 'नाही'ला एक बाजू टाळ्या वाजवत होती आणि दुसरी उठून उभी राहत होती.

अध्यक्षांनी टेबल वाजवलं आणि म्हणाले, वाद कशाला, मुलंच दाखवतील. त्या तासाला असता तसेच या, असं सांगून सहावीचा वर्ग बाहेरच थांबवला होता. दार उघडलं.

अडतीस मुलं आत आली, आणि आवाज आला नाही. बूट दाराबाहेर. चवड्यांवर, एकामागून एक, ओठांवर बोट. बाकांसारखीच ओळीत उभी राहिली आणि त्यांनी डोळे मिटले. सभागृहातला गोंगाट आपोआप ओसरला. तेवढ्यात पोस्टमास्तर आजोबांची काठी घसरून फरशीवर खाडकन पडली. सगळे दचकले. त्यांचा नातू ओळीतून बाहेर आला, काठी उचलून आजोबांना दिली, मग खाली वाकून फरशीवर तळवा ठेवला.

"चुकलं," तो फरशीला म्हणाला, आणि पुन्हा रांगेत जाऊन डोळे मिटून उभा राहिला.

आजोबांनी रुमाल काढला. हे तर आमच्यातलंच आहे, असं ते म्हणाले, मातीचा मान. गाडी शिकवणाऱ्यांनीही घसा साफ केला आणि मान्य केलं की तसं बघितलं तर त्यांचे आजोबाही असंच करत. पार्लरवाल्या आईंना बूट काढण्यात अचानक आपलंच काहीतरी सापडलं. पाच मिनिटांत तिन्ही बाजूंचे लोक एकमेकांना सांगत होते की हे मुळात आमच्याकडून आलेलं आहे, पण तुमच्या मुलांना छान जमलंय. औषधवाल्या अध्यक्षांच्या चेहऱ्यावर डोस लागू पडल्याचं समाधान होतं.

वेळापत्रकबाई मात्र रांगेच्या टोकाकडे बघत होत्या. टोकाला सुतळी उभी होती. केसांचा अंबाडा. अंगात तपकिरी स्वेटर, बाह्या तीनदा दुमडलेल्या, कडा खडूने पांढऱ्या.

त्या मंचावरून उतरल्या. आता आठवतं तेव्हा त्यांनाही कळत नाही की पायऱ्यांवरून उतरल्या की तशाच खाली आल्या. सुतळीजवळ जाऊन त्यांनी स्वेटरची बाही बोटांत धरली आणि बारीक आवाजात विचारलं की हे काय आहे.

सुतळीने एक डोळा उघडला. आणि ओठ न हलवता, जे सात महिने अडतीस मुलांनी कोणाला सांगितलं नव्हतं, ते मावशीच्या कानात घातलं. पहिल्या गुरुवारी कोणीच आलं नाही. दंगा झाला तर मोठी माणसं येणार, आणि मग त्या तासाला कोणीतरी नेमणार. म्हणून आवाजच करायचा नाही, असं ठरलं. बुटांचा आवाज होतो, बूट बाहेर. ज्याच्या हातून आवाज होईल त्याने त्या वस्तूची माफी मागायची आणि दहा मोजून पुन्हा खेळात यायचं. अर्धा तास गृहपाठ उतरवायचा, उरलेला वेळ हा खेळ. काचेतून कोणी पाहिलं तर फळ्यापाशी बाई दिसायला हवी, म्हणून सगळ्यांत उंच कोण, तर ती. आणि स्वेटर खुंटीवरच असायचा.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमचा तास रिकामा गेला असता ना."

वेळापत्रकबाईंना काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. रागही होता, हसूही होतं. आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी रुतत होतं. पण तिथे बघायला वेळ मिळाला नाही, कारण अध्यक्ष ध्वनिक्षेपकातून बोलत होते. या यशानंतर समितीने ठरवलं आहे की पुढच्या वर्षापासून उपमुख्याध्यापिका म्हणून आपल्या याच बाई. जिन्याच्या वळणावरची खोली रंगवायला घेतली आहे. आणि तो तास आता पाचवीपासून दहावीपर्यंत सगळ्या वर्गांना. टाळ्यांनी छप्पर हललं. अध्यक्ष खूश होऊन सुतळीकडे वळले.

"बाळा, तू सांग सगळ्यांना. याच बाई शिकवतात ना तुम्हाला?"

सभागृह शांत झालं. सुतळीने मावशीकडे बघितलं. तिचा डावा हात हळूहळू वर गेला आणि तिने कानाची पाळी धरली.

"हो," ती म्हणाली. "बाईच शिकवतात."

पाळी लालबुंद झाली होती. तिच्या मागच्या सदतीस मुलांनीही डोळे मिटूनच माना डोलावल्या, एकदम, सारख्याच. गणिताच्या सरांना एकोपा वाटला असेल. वेळापत्रकबाईंना खोलीची खिडकी दिसली, पंखा दिसला, खुर्ची दिसली. फक्त गप्प राहायचं होतं. सात महिने तेच तर केलं होतं, आणि त्यांना ते चांगलं जमलं होतं. पण त्या पाळीवरून त्यांची नजर हटेना.

"ती खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माझ्यासाठी बोलतेय. मी त्या तासाला कधी गेले नाही. कोणीच गेलं नाही. फळ्यावर अजून पांढरी चिठ्ठी आहे. मुलं आवाज न करण्याचा खेळ खेळतात आणि गृहपाठ उतरवतात."

अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. तुम्ही माणूस देणार होता ना, असं मोठ्या बाई चष्मा काढत म्हणाल्या. तुम्ही नेमणार होता ना, असं अध्यक्ष म्हणाले. गाडी शिकवणाऱ्यांनी विचारलं की मग मघाशी ते सगळं नेमकं कोणाच्यातलं होतं. शिवणाच्या बाई खाली बघून स्वतःच्या पदराचा दोरा ओढत होत्या. खेळाचे सर दाराच्या दिशेने एक खुर्ची सरकले. तिन्ही बाजूंचे पालक एकमेकांकडे पाहू लागले. सगळ्या सभागृहात एकच प्रश्न भरून राहिला होता, आणि प्रत्येक जण तो शेजारच्याने विचारावा म्हणून थांबला होता.

वेळापत्रकबाईंनी श्वास घेतला. सुतळीने त्यांचा हात गच्च धरला.

"मावशी," ती म्हणाली. फाटकाच्या आत पहिल्यांदाच. "मावशी, विचारू नकोस. विचारलं की गळ्यात पडतं."

"माहितीये गं," मावशी म्हणाली, आणि सभागृहाकडे वळली. "आपल्याला त्या तासाला शिकवायचंय तरी काय? आणि शिकवणार कोण?"

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सगळ्या सभागृहाबरोबर वेळापत्रकबाईंकडे पाहिलं.